कृष्णविवराभोवतीची तबकडी क्ष-किरणांनी कशी तापते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कृष्णविवर आणि साधा तारा यांची जोडी असली की ताऱ्याचा वायू विवराकडे ओढला जातो आणि भोवती तबकडी तयार होते, एवढं बहुतेकांनी वाचलेलं असतं. त्या तबकडीचा बाहेरचा मोठा भाग स्वतःच्या उष्णतेने चमकत नाही, मधून येणाऱ्या क्ष-किरणांच्या जिवावर चमकतो, हे मात्र फारसं कुठे सांगितलं जात नाही. खालचे प्रश्न त्याबद्दल आहेत. आकडे ढोबळ आहेत, पण कागद-पेन्सिल घेऊन पडताळता येतील असे आहेत.

कृष्णविवरातून प्रकाशसुद्धा सुटत नाही, मग क्ष-किरण येतात कुठून?

विवराच्या बाहेरून. जोडीदार तारा इतका जवळ असतो की त्याच्या वरच्या थरांवर विवराची ओढ भारी पडते आणि तिथला वायू निसटतो. तो सरळ विवरात पडत नाही. जोडी एकमेकांभोवती फिरत असते, त्यामुळे वायूलाही गिरकी असते. तो विवराभोवती घिरट्या घालत राहतो आणि त्याची चपटी तबकडी बनते. हीच अ‍ॅक्रिशन डिस्क. वायू जसजसा आत सरकतो तसतशी गुरुत्वाकर्षणाची ऊर्जा उष्णतेत बदलत जाते. अगदी आतल्या कडेला तापमान एक कोटी केल्विनच्या घरात जातं, आणि इतक्या तापलेल्या वायूचा प्रकाश मुख्यतः क्ष-किरणांतच असतो.

त्याखेरीज विवराच्या अगदी जवळ अब्जावधी केल्विन तापलेल्या विरळ इलेक्ट्रॉनांचा एक भाग असतो. त्याला कोरोना म्हणतात. तबकडीतून निघालेले मवाळ क्ष-किरण या इलेक्ट्रॉनांवर आदळून आणखी ऊर्जा घेतात आणि कडक क्ष-किरण होऊन बाहेर पडतात.

हे ऊर्जा काढण्याचं यंत्र भलतंच कार्यक्षम आहे. हायड्रोजनचं हेलियम होताना वस्तुमानाचा ०.७ टक्के भाग ऊर्जेत बदलतो. विवराभोवतीच्या तबकडीत, विवर किती वेगाने स्वतःभोवती फिरतं यावर अवलंबून, ६ ते ४२ टक्के.

तबकडी मुळात तापते कशाने? घर्षणाने?

हो, ढोबळमानाने घर्षणच. आतला वायू वेगाने फिरतो, बाहेरचा हळू. शेजारशेजारचे थर एकमेकांना ओढतात आणि त्यातून उष्णता निर्माण होते. निकोलाय शाकुरा आणि राशिद सुन्याएव या रशियन शास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये याचं गणित मांडलं. घर्षण नेमकं कशामुळे होतं हे तेव्हा माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी त्याची तीव्रता ‘आल्फा’ नावाच्या एका संख्येत बांधून ठेवली आणि पुढे गेले. १९९१ मध्ये स्टीव्हन बाल्बस आणि जॉन हॉली यांनी दाखवलं की वायूतली दुबळी चुंबकीय क्षेत्रंसुद्धा अशा फिरत्या तबकडीत खळबळ माजवतात. घर्षणाचा उगम तिथे आहे, असं आता मानलं जातं. आल्फा मात्र अजून वापरात आहे.

घर्षणाने तापते, तर मग क्ष-किरणांचं काय काम?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. उत्तर अंतरात आहे.

घर्षणाने दर चौरस मीटरला निर्माण होणारी ऊर्जा अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटते: अंतर दुप्पट केलं की ऊर्जा आठ पटींनी कमी. मधून येणारे क्ष-किरण मात्र अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात विरळ होतात: अंतर दुप्पट, तर ऊर्जा चार पटींनी कमी. म्हणजे आतल्या भागात घर्षण कितीही वरचढ असलं तरी बाहेर कुठेतरी क्ष-किरण त्याला गाठणार आणि पुढे जाणार.

प्रत्यक्ष आकडे घालून पाहू. विवर सूर्याच्या ७ पट वस्तुमानाचं. अशा जोड्या अधूनमधून काही महिने भडकतात, त्या उद्रेकाच्या ऐन भरात त्याची क्ष-किरणांतली तेजस्विता एकावर ३१ शून्यं इतके वॅट, म्हणजे सुमारे २६,००० सूर्य. पडणाऱ्या वस्तुमानाच्या १० टक्के भागाची ऊर्जा होते असं धरलं, तर दर सेकंदाला सुमारे १.१ लाख कोटी टन वायू आत जातोय. ऐकायला प्रचंड वाटतं, पण या वेगाने आपल्या चंद्राएवढं वस्तुमान संपायला दोन वर्षं लागतील.

आता तबकडीच्या बाहेरच्या कडेला जाऊ, मध्यापासून १० लाख किलोमीटरवर. फक्त घर्षण असतं तर तिथलं तापमान साधारण ६,८०० केल्विन भरतं. क्ष-किरणांपैकी अर्धा टक्का जरी तिथे शोषला जातो असं धरलं, तरी तापमान १६,००० केल्विनच्या वर जातं. ऊर्जेच्या भाषेत क्ष-किरणांचा वाटा घर्षणाच्या तीसपट.

दोन्ही वाटे समसमान कुठे होतात? याच हिशेबात मध्यापासून सुमारे ३१,००० किलोमीटरवर. गंमत म्हणजे या उत्तरात तेजस्विता येतच नाही, ती दोन्ही बाजूंनी कटते. विवर भडकलेलं असो वा मंदावलेलं, हिशेबाची गृहीतकं तीच राहिली तर सीमा तिथेच राहते. दहा लाख किलोमीटर त्रिज्येच्या तबकडीत ३१,००० किलोमीटर म्हणजे मधला छोटासा ठिपका. क्षेत्रफळाने पाहिलं तर जवळजवळ सगळी तबकडी क्ष-किरणांच्या ताब्यात असते, आणि दृश्य प्रकाशाच्या दुर्बिणीला दिसते ती हीच बाहेरची तबकडी.

पण तबकडी सपाट असते ना? मधून निघालेले किरण तिच्यावर पडतातच कसे?

इथे खरी मेख आहे. पूर्ण सपाट तबकडीच्या मधोमध एक ठिपका तळपत असेल, तर त्याचे किरण पृष्ठभागाला समांतर निघून जातील. मावळतीचं ऊन सपाट माळाला जवळजवळ काहीच देत नाही, पण सूर्याकडे तोंड करून चढत गेलेल्या उताराला ते बऱ्यापैकी मिळतं. तबकडी बाहेरच्या बाजूला जाड होत गेली, म्हणजे पसरट बशीसारखा तिचा काठ उचललेला असला, तर तिला असा उतार मिळतो. तापलेला वायू फुगतो आणि बाहेर गुरुत्वाकर्षण सैल असतं, त्यामुळे काठ उचलला जाणं साहजिक आहे. तरीही जाडी फार नसते. काठाची उंची त्रिज्येच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास.

साधं सोपं उत्तर इथे संपायला हवं होतं. तसं झालं नाही. १९९९ मध्ये गिलॉम द्यूबूस, जाँ-पियेर लासोता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तबकडीच्या उभ्या छेदाचं गणित नीट, सगळ्या थरांसकट केलं. निष्कर्ष अडचणीचा निघाला: तबकडीचा आतला भाग फुगतो, बाहेरचा त्या मानाने बसका राहतो, आणि आतला फुगवटा बाहेरच्या भागावर सावली धरतो. म्हणजे हिशेबाप्रमाणे बाहेरची तबकडी अंधारात असायला हवी. प्रत्यक्षात ती उजळलेली दिसते.

सुटकेचे मार्ग अनेक सुचवले गेले आहेत. किरणांचा उगम तबकडीच्या पातळीत नसून थोडा वर, कोरोनात असेल, तर ते वरून पडतील. तबकडी सपाट नसून पिळलेली असेल, तर काही भाग आपोआप किरणांसमोर येतील. किरणांच्या दाबानेच असा पीळ पडू शकतो, हे जिम प्रिंगल यांनी १९९६ मध्ये दाखवलं. तिसरा मार्ग म्हणजे तबकडीवरून उठणारा वायूचा वारा: तो क्ष-किरण विखरून खाली पाठवतो. मला तिसरा मार्ग जास्त पटतो, कारण असे वारे खरोखर दिसलेले आहेत आणि विखुरण्यासाठी फार वायू लागत नाही. पण सगळ्या जोड्यांना एकच उत्तर लागू पडेल असं समजायचं कारण नाही.

वर जो ‘अर्धा टक्का’ घेतला तो कुठून आला?

बरोबर पकडलंत. शास्त्रीय लेखनात त्याला ‘सी’ म्हणतात. तबकडीचा उतार, पृष्ठभागावरून परत फेकल्या जाणाऱ्या किरणांचं प्रमाण, किरणांच्या उगमाचा आकार, वाऱ्यातलं विखुरणं, असं सगळं अज्ञान या एका आकड्यात भरलेलं आहे. तो सिद्धान्तातून येत नाही. उद्रेकांच्या नोंदींशी गणित जुळवून काढला जातो, आणि ०.००५ च्या आसपासची किंमत बऱ्याच ठिकाणी जुळते. शाकुरा-सुन्याएव यांच्या आल्फासारखीच ही युक्ती. तबकड्यांचं शास्त्र अशा दोन अक्षरांच्या कुबड्यांवर पन्नास वर्षं चाललंय, आणि खरं सांगायचं तर बरंच दूर आलंय.

पृष्ठभागावर पडल्यावर किरणांचं काय होतं?

बरेचसे उडून जातात. आतल्या भागातून तिरपे येणारे कडक क्ष-किरण वरच्या थरातल्या इलेक्ट्रॉनांवर आपटून परत फेकले जातात. जोडताऱ्यांच्या निरीक्षणांवरून परतीचं प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त असावं, असा अंदाज १९९० च्या दशकातच निघाला होता. उरलेले आत शिरतात आणि कार्बन, ऑक्सिजन, लोह अशा अणूंच्या आतल्या कक्षांतले इलेक्ट्रॉन उडवतात. ती ऊर्जा वायूत वाटली जाते, वायू तापतो, आणि तीच ऊर्जा अतिनील आणि दृश्य प्रकाश बनून बाहेर पडते.

यातून एक महत्त्वाचा फरक पडतो. घर्षणाने तापणारी तबकडी आतून गरम आणि वरून थंड असते, त्यामुळे तिच्या वर्णपटात काळ्या, शोषणाच्या रेषा दिसायला हव्यात. वरून तापवलेल्या तबकडीचा सगळ्यात वरचा थर खालच्यापेक्षा गरम होतो, आणि रेषा काळ्याऐवजी तेजस्वी दिसतात. उद्रेकात असलेल्या जोड्यांच्या वर्णपटात ४६८.६ नॅनोमीटरची आयनित, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेल्या, हेलियमची तेजस्वी रेषा ही तर जवळपास ओळखीची खूण आहे. हेलियमचा एक इलेक्ट्रॉन गेल्यावर उरलेला दुसरा काढायला किमान ५४.४ इलेक्ट्रॉनव्होल्टचे किरण लागतात. सोळा हजार केल्विनच्या वायूकडे ते नगण्य असतात. ते मधूनच आलेले असणार. तिच्या शेजारी ४६४ नॅनोमीटरजवळ नायट्रोजन आणि कार्बनच्या रेषांचा पट्टा दिसतो. त्यातला नायट्रोजनचा भाग म्हणजे साखळी आहे: हेलियमने सोडलेला अतिनील किरण ऑक्सिजन उचलतो, ऑक्सिजनचा किरण नायट्रोजन उचलतो, आणि शेवटी नायट्रोजन दृश्य प्रकाश सोडतो.

हे सगळं अनुमान झालं. थेट पुरावा आहे का?

आहे, आणि तो घड्याळाने मोजलेला आहे. क्ष-किरणांनी तबकडी तापत असेल, तर मध्ये क्ष-किरण भडकल्यानंतर थोड्या वेळाने दृश्य प्रकाश भडकायला हवा, कारण किरणांना काठापर्यंत जायला वेळ लागतो. आपल्या दहा लाख किलोमीटरच्या तबकडीत हा वेळ सव्वातीन सेकंदांचा.

जीआरओ जे१६५५-४० ही जोडी त्याहून बरीच मोठी आहे. तिचा कक्षाकाळ २.६२ दिवसांचा. जून १९९६ मध्ये हबल दुर्बीण आणि आरएक्सटीई हा क्ष-किरण उपग्रह यांनी एकाच वेळी तिच्याकडे पाहिलं. अतिनील आणि दृश्य प्रकाशातले चढउतार क्ष-किरणांच्या १० ते २० सेकंद मागे चालत होते. हा वेळ तबकडीच्या आकाराशी जुळतो. क्ष-किरणांची ही प्रकाशातली प्रतिध्वनीच म्हणायची.

आकडेवारीचा पुरावाही आहे. १९९४ मध्ये यान व्हान पॅराडाइस आणि जेफ्री मॅक्लिंटॉक यांनी दाखवलं की अशा जोड्यांची दृश्य प्रकाशातली तेजस्विता क्ष-किरण तेजस्वितेच्या वर्गमुळाच्या आणि दोघांमधल्या अंतराच्या प्रमाणात वाढते. मोठी जोडी म्हणजे मोठी तबकडी, म्हणजे किरण झेलायला जास्त जागा.

उद्रेक महिनोन्महिने का टिकतात?

क्ष-किरणांनी तापण्याचा सगळ्यात मोठा परिणाम इथे दिसतो, म्हणून थोडं सविस्तर.

ए०६२०-०० चं उदाहरण घ्या. मृगाच्या पोटातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांपासून पूर्वेला, मोनोसेरॉस तारकासमूहात ही जोडी आहे. कक्षाकाळ अवघा पावणेआठ तास. ऑगस्ट १९७५ मध्ये एरियल ५ या ब्रिटिश उपग्रहाला ती भडकताना दिसली. काही दिवसांत ती इतकी तेजस्वी झाली की, सूर्य वगळता, तोवर क्ष-किरणांत दिसलेला कुठलाही स्रोत तिच्यापुढे फिका पडला. दृश्य प्रकाशात एरवी १८ व्या प्रतीचा असलेला ठिपका ११ व्या प्रतीपर्यंत आला (प्रतीचा आकडा जितका लहान, तितकं तेज जास्त). हार्वर्डच्या वेधशाळेतल्या, आकाशाची छायाचित्रं असलेल्या जुन्या काचपट्ट्या चाळल्यावर १९१७ मध्येही तिथे असाच उद्रेक झाल्याचं सापडलं. पुढे १९८६ मध्ये जोडीदार ताऱ्याच्या वेगावरून मॅक्लिंटॉक आणि रोनाल्ड रेमिलार्ड यांनी दाखवलं की तिथली अदृश्य वस्तू न्यूट्रॉन तारा (मेलेल्या ताऱ्याचा अतिदाट गोळा) असायला फारच जड आहे, म्हणजे ती कृष्णविवरच असणार.

उद्रेक का होतो? शांत काळात तबकडी थंड असते, हायड्रोजन आयनित नसतो आणि घर्षण कमी असतं. ताऱ्याकडून येणारा वायू आत न सरकता साठत जातो. साठा वाढत वाढत एखाद्या ठिकाणी तापमान हायड्रोजन आयनित होण्याइतकं चढतं. मग घर्षण एकदम वाढतं, शेजारचा भागही तापतो, आणि तापण्याची लाट तबकडीभर पसरते. साठलेला वायू आत कोसळू लागतो.

विवराऐवजी श्वेत बटू (सूर्यासारख्या ताऱ्याचा उरलेला दाट गाभा) असलेल्या जोड्यांतही असंच होतं. हंस तारकासमूहातला एसएस सिग्नी साधारण सात-सात आठवड्यांनी भडकतो आणि आठवड्या-दोन आठवड्यांत विझतो. तिथे क्ष-किरणांची भट्टी नाही. काठाचं तापमान थोडं उतरलं की हायड्रोजन पुन्हा जुळतो, थंडीची लाट आत धावते आणि उद्रेक आटोपतो.

कृष्णविवराकडे मात्र क्ष-किरण ही लाट अडवून धरतात. वरचा हिशेब पुन्हा पाहा. नुसत्या घर्षणाने काठ ६,८०० केल्विनचा, म्हणजे थंडीच्या लाटेच्या तोंडाशी बसलेला. क्ष-किरणांमुळे तो १६,००० च्या वर राहतो, आणि गरम तबकडीला हवे असलेले १०,००० केल्विन आरामात ओलांडतो. त्यामुळे सगळी तबकडी गरम राहते आणि जवळजवळ पूर्ण साठा हळूहळू आत ओतला जातो. अँड्र्यू किंग आणि हान्स रिटर यांनी १९९८ मध्ये दाखवलं की अशा वेळी तेज ठरावीक काळात ठरावीक पटीने घटत जातं.

ही घट महिन्याला २.७ पट धरा. काठ १०,००० केल्विनवर यायला तेजस्विता सातपट कमी व्हावी लागते. त्याला लागतात सुमारे दोन महिने. तोवर थंडीला शिरकाव नाही. त्यानंतर काठापासून तबकडी विझत जाते, पण तीही क्ष-किरण ज्या वेगाने मागे हटतील त्याच वेगाने. हे पाठ्यपुस्तकी चित्र झालं. खऱ्या उद्रेकांच्या आलेखात मध्येच कुबड येतात, दुसरं शिखर येतं. ए०६२०-०० मध्येही आलं होतं.

मग ए०६२०-०० पुन्हा कधी भडकेल?

१९१७ आणि १९७५ मध्ये ५८ वर्षांचं अंतर आहे, त्यात ५८ मिळवून २०३३ काढणारे भेटतात. दोन बिंदूंवरून वेळापत्रक बनत नाही. मधला एखादा उद्रेक कुणाच्याच नजरेला पडला नसेल, हेही शक्य आहे.

आधी काय दिसतं, क्ष-किरण की प्रकाश?

प्रतिध्वनीच्या उत्तरावरून वाटेल की नेहमी क्ष-किरण आधी. उद्रेकाच्या अगदी सुरुवातीला उलटं घडतं. तापण्याची लाट बाहेर सुरू झाली तर आधी दृश्य प्रकाश वाढतो, आणि वायू आत पोचायला दिवस लागतात. मार्च २०१८ मध्ये मॅक्सी जे१८२०+०७० ही जोडी एएसएएस-एसएन या आकाशपाहणीला ६ तारखेला दिसली. अंतराळस्थानकावरच्या मॅक्सी उपकरणाने क्ष-किरण टिपले ते ११ तारखेला. जीआरओ जे१६५५-४० मध्ये १९९६ साली हे अंतर सुमारे सहा दिवसांचं होतं. या पहिल्या दिवसांतला प्रकाश तबकडीचा स्वतःचा. नंतरचा उसना.

जोडीदार तारा तापत नाही का?

तापतो, सावलीत नसेल तर. सगळ्यात ठसठशीत उदाहरण न्यूट्रॉन ताऱ्याचं आहे: शौरी तारकासमूहातला हर्क्युलिस एक्स-१. त्याच्या जोडीदाराची एक बाजू इतकी तापते की १.७ दिवसांच्या प्रत्येक फेरीत तो दीडेक प्रतीने उजळतो आणि मंदावतो. कृष्णविवराच्या जोड्यांत जोडीदार बहुधा लहान असतो आणि तबकडीचा काठ त्याच्यावर सावली धरतो, त्यामुळे एवढं नाट्य दिसत नाही.

पण तापलेला चेहरा कामाला येतो. जीएक्स ३३९-४ या कृष्णविवराच्या जोडीत तबकडीच्या झगमगाटापुढे तारा दिसतच नव्हता. २००३ मध्ये त्याच्या तापलेल्या बाजूवरून येणाऱ्या नायट्रोजनच्या बारीक रेषा पकडून त्याचा वेग काढला गेला आणि विवराचं वस्तुमान सूर्याच्या किमान ५.८ पट ठरलं. २०१७ मध्ये शांत काळात तारा अवरक्त प्रकाशात थेट सापडला, तेव्हा ही किमान मर्यादा १.९ वर घसरली. तापलेल्या बाजूवरून काढलेल्या वेगावर डोळे झाकून विसंबू नये, ते यासाठी.

सिग्नस एक्स-१ तर सगळ्यात प्रसिद्ध. त्यात हे दिसतं का?

फारसं नाही. तिथला जोडीदार निळा महाकाय तारा आहे, सूर्याच्या लाखो पट तेजस्वी. दृश्य प्रकाश जवळजवळ सगळा त्याचाच. तापलेली तबकडी बघायची तर जोडीदार फिका हवा.

दृश्य प्रकाश सगळा तापलेल्या तबकडीचाच असतो का?

नाही, आणि इथे बरेच लेख घाई करतात. विवरापासून कणांचे झोत निघत असतील तर चुंबकीय क्षेत्रात फिरणारे इलेक्ट्रॉनही दृश्य आणि अवरक्त प्रकाश देतात. सेकंदाच्या लहान अंशात होणारे चढउतार दिसले तर संशय तिकडे जावा, कारण कित्येक प्रकाशसेकंद रुंद तबकडी इतक्या झटपट लुकलुकू शकत नाही. तिच्यात असे चढउतार पुसले जातात. व्ही४०४ सिग्नी या हंस तारकासमूहातल्या कृष्णविवराच्या जोडीच्या जून २०१५ च्या उद्रेकात दोन्ही प्रकारचं लुकलुकणं होतं, आणि त्यातल्या मिनिटा-तासांच्या चढउतारांचं श्रेय क्ष-किरणांनी तापलेल्या तबकडीला दिलं गेलं.

वाऱ्याचा उल्लेख आला. क्ष-किरणांनी वायू उडून जातो?

काठाजवळ, हो. कडक क्ष-किरण तबकडीच्या वरचा विरळ थर एक कोटी केल्विनपर्यंत तापवू शकतात. अशा वायूतले कण सेकंदाला काहीशे किलोमीटर वेगाने धावतात. आत विवराची पकड घट्ट असते, पण काही लाख किलोमीटरच्या पलीकडे एवढा वेग निसटायला पुरतो. म्हणून हे वारे मोठ्या तबकड्यांतच उठतात. काही जोड्यांत विवरात पडतो त्यापेक्षा जास्त वायू वाऱ्याबरोबर निघून जातो. व्ही४०४ सिग्नीच्या २०१५ च्या उद्रेकात ला पाल्मा बेटावरच्या १०.४ मीटर दुर्बिणीने सेकंदाला ३,००० किलोमीटरपर्यंतचा वारा टिपला. एवढा वेग नुसत्या तापण्याने येत नाही, तिथे आणखी काही जोर लागलेला असणार.

अगदी आतल्या भागावरही हे किरण पडतात का?

पडतात, आणि तिथलं शास्त्र वेगळंच आहे. कोरोनातले कडक किरण आतल्या तबकडीवर पडले की लोहाची ६.४ हजार इलेक्ट्रॉनव्होल्टची रेषा उमटते. विवराचं गुरुत्वाकर्षण आणि वायूचा वेग तिला ताणून वेडीवाकडी करतात. प्रतिध्वनीचा वेळ इथे सेकंदाच्या हजाराव्या हिश्शांत मोजावा लागतो. मॅक्सी जे१८२०+०७० मध्ये नायसर या क्ष-किरण उपकरणाने तो मोजला. त्यावरून २०१९ मध्ये असं मांडलं गेलं की महिन्याभरात कोरोना सुमारे १०० किलोमीटरवरून १० किलोमीटरपर्यंत आकसला. हा अर्थ सगळ्यांना मान्य नाही. कोरोनाऐवजी तबकडीची आतली कड सरकली, असं म्हणणारेही आहेत.

भारतातून यावर काम होतं का?

होतं. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेला अ‍ॅस्ट्रोसॅट या कामासाठी सोयीचा आहे, कारण त्यावर अतिनील दुर्बीण आणि क्ष-किरण उपकरणं एकत्र आहेत. तापवणारे किरण आणि तापलेल्या तबकडीचा प्रकाश एकाच उपग्रहावरून, एकाच वेळी पाहता येतो. त्यातली मवाळ क्ष-किरण दुर्बीण आणि लॅक्सपीसी ही उपकरणं मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडली, आणि पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचाही या मोहिमेत मोठा वाटा आहे. मॅक्सी जे१८२०+०७० चा वेध अ‍ॅस्ट्रोसॅटने घेतला होता. १ जानेवारी २०२४ रोजी गेलेला एक्स्पोसॅट हा उपग्रह क्ष-किरणांचं ध्रुवीकरण, म्हणजे त्यांच्या कंपनाची दिशा, मोजतो. कोरोनाचा आकार ठरवायला त्याचा उपयोग आहे.

घरच्या दुर्बिणीतून यातलं काही दिसेल?

शांत काळात नाही; सतराव्या-अठराव्या प्रतीच्या आगेमागे असलेले ठिपके हौशी दुर्बिणीच्या डोळ्याला लागत नाहीत. उद्रेकात मात्र दिसतात. २०१५ मध्ये व्ही४०४ सिग्नीचं लुकलुकणं २० सेंटिमीटरच्या, म्हणजे आठ इंची दुर्बिणीतूनही पाहता येण्याजोगं होतं, आणि २०१८ मध्ये मॅक्सी जे१८२०+०७० बाराव्या प्रतीच्या आसपास पोचला होता. हंस, भुजंगधारी आणि मृगाच्या शेजारचा मोनोसेरॉस हे तिन्ही भाग महाराष्ट्रातून चांगले वर येतात. शहरातून बाहेर पडा, उद्रेकाच्या सूचनांवर लक्ष ठेवा आणि शोधनकाशा आधीच छापून जवळ ठेवा, कारण ऐनवेळी मोबाइलच्या उजेडाने डोळे बिघडतात. कॅमेरा असेल तर दर मिनिटाला एक अशी छायाचित्रं तासभर घेत राहा आणि शेजारच्या स्थिर ताऱ्याशी तुलना करून आलेख काढा. चढउतार झाले असतील तर आलेखात लगेच दिसतील.